युसुफचाचांची एकतीस पिस्तुलं

आजवर मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. अकोल्यात आमच्या जठारपेठेत राहणाऱ्या युसुफचाचांनी जे पिस्तूल उभं आयुष्य शोधलं, ते एका मंगळवारी माझ्या टेबलाच्या खणात, माझ्या डब्याला लागून पडलेलं होतं. मी त्याच्यावरचा नंबर वाचला, ओळखला आणि खण लावून घेतला.

एवढंच सांगून थांबलो तर युसुफचाचांवर अन्याय होईल, आणि तो मी आधीच पुरेसा केला आहे. तेव्हा माणूस कसा, ते आधी सांगतो.

युसुफचाचा शिलाई मशीन दुरुस्त करतात. मशीन दुरुस्त झालं की कोणताही मिस्त्री चिंधीवर दोन सरळ टिपा मारून बघतो. चाचा चिंधीवर नंबर शिवतात. लाल दोऱ्यानं, सुबक, एकाखाली एक, एकूण एकतीस. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांच्या एका मोठ्या युद्धनौकेवर अधिकाऱ्यांना जी एकतीस पिस्तुलं दिली होती, त्यांचे हे नंबर. मशीन परत जाताना ती चिंधी गिऱ्हाइकाबरोबर जाते. त्यामुळे आमच्या पेठेत गरम कढई उतरवायला बायका जे फडकं घेतात, त्यावर हमखास पिस्तुलांचे नंबर असतात. माझी आई ब्लाउज शिवायची, तिचं मशीन वर्षातून दोनदा रुसायचं, म्हणून आमच्याकडे अशी सात-आठ फडकी होती. वर्षानुवर्षं आमचा चहा त्या नंबरांवरून उतरला.

तीस नंबर ओळीनं, मग थोडी जागा सोडून खाली एक नंबर एकटा. चार-शून्य-पाच-सात.

आईनं एकदा विचारलं होतं, "चाचा, हा काहून एकटा?"

"थो घरी नाही आला अजून, ताई," चाचा म्हणाले, आणि मशीनला तेल सोडू लागले.

त्याची हकिगत अशी. चाचांचे वडील करीमभाई चामड्याचं काम करायचे. खोगिरं, बैलांचे घुंगरपट्टे. युद्धाच्या दिवसांत कामासाठी मुंबईला गेले आणि बंदरात दुरुस्तीला आलेल्या त्या जहाजावर लागले. अधिकाऱ्यांच्या पिस्तुलांची चामडी म्यानं उसवली की शिवायची, आत पिस्तुलाचा नंबर ठोकायचा, आणि तो नंबर साहेबाच्या नावासकट आपल्या वहीत उतरवून ठेवायचा, असं त्यांचं काम. एक दिवस एका साहेबानं म्यान शिवायला टाकलं. घ्यायला आला तेव्हा म्हणाला, यात पिस्तूल होतं, ते कुठं आहे? करीमभाई म्हणाले, म्यान रिकामंच आलं होतं. एका बाजूला साहेबाचा शब्द, दुसऱ्या बाजूला करीमभाईंचा. कुणाचा चालला असेल ते सांगायला नको. दाखल्यावर चोरीचा शेरा मारून जहाजानं त्यांना किनाऱ्यावर उतरवलं. अकोल्याला परत आले ते ती नंबरांची वही घेऊन.

ती वही चाचांकडे आली. चार-शून्य-पाच-सात पुढं कुणाच्या हाती गेलं हे कळलं, की बाप चोर नव्हता हे ठरणार. इथवर मला कळत होतं. पण बाकीची तीस कशाला शोधायची?

"एकाले हुडकाचं असन त बाकीच्याइले इचारा लागते ना, बाबा," चाचांनी मला समजावलं. "थे त्याच्यासंग राह्यत होते!"

चाचांनी समुद्र पाहिलेला नाही. जहाज मात्र त्यांना तोंडपाठ. अब्बांनी सांगितलेलं आणि पुढं पत्रांतून कळलेलं जोडून त्यांनी ते जहाज आमच्या गल्लीवर अंथरलं होतं. पिठाची गिरणी बॉयलरमध्ये येत होती. आमचं घर पुढच्या तोफेच्या बरोबर खाली. पानठेला शस्त्रकोठीवर. मागचा डेक पार नळाच्या टाकीपर्यंत जायचा. गिरणीवाला वीज गेली की दारातून ओरडायचा, "चाचा, बॉयलर थंडा झाला जी!" आणि चाचा गंभीरपणे मान हलवायचे, कारण ही त्यांच्या लेखी गंभीर बाब होती. एकदा कुणीतरी त्या जहाजाला आगबोट म्हणालं. चाचांनी हातातला पेचकस खाली ठेवला. "आगबोट? आगबोट कोकनात जाते, नारय घेऊन. हे बॅटलशिप हाय, बॅटलशिप! तीस फूट पानी लागे त्याले तरंगाले." आणि आठवड्यानं आलेल्या नळाखाली बादली सरकवत म्हणाले, "अन् इथं आपली घागर तरंगून नाही राह्यली."

शमीमचाचींना हे सगळं जहाज डोक्यावर घेऊन संसार करावा लागला. त्यांचं घरातलं बोलणं उर्दू वळणाचं. "घर में सुई नहीं मिलती इनको, और चले पिस्तौल ढूँढने," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. पण कुणी बाहेरच्यानं चाचांची टिंगल केली, की त्याच शमीमचाची त्याला बॉयलर रूम आणि शस्त्रकोठी यांतला फरक विचारायच्या.

चाचांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. गिऱ्हाईक बायका त्यांना मशीनच्या नंबरानं ठाऊक. माझ्या वडिलांची सायकल विकून किती वर्षं झाली, पण तिच्या फ्रेमचा नंबर चाचा अजून सांगतात. माझं लग्न झालं, बायको पहिल्यांदा पाया पडायला गेली, तर आशीर्वाद द्यायच्या आधी चाचा म्हणाले, "सूनबाई, माहेरून मशीन आनली का? नंबर बोल." ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. आता ती म्हणते की आख्ख्या पेठेत त्यांनी एकट्यानं तिच्या वस्तूची चौकशी केली. बाकी सगळ्यांनी पुरणाच्या पोळ्या येतात का, एवढंच विचारलं.

पिस्तुलं शोधायची कशी, तर पत्रांनी. तिकडच्या म्हाताऱ्या खलाशांचं एक मंडळ होतं, त्यांच्या पत्रकात चाचांनी निवेदन छापून आणलं होतं. मग विलायतेहून पत्रं येऊ लागली. मी बी.ए. झालो होतो, त्यामुळे इंग्रजी लिहिणं-वाचणं माझ्याकडे आलं. चाचा वऱ्हाडीत सांगायचे, मी लिहायचो.

"लिव. आदरनीय बाई, तुमची तब्येत कशी हाय? गुडघा कसा हाय? पाऊसपानी?"

"चाचा, इंग्रजी पत्रात एवढी विचारपूस करत नाहीत."

"काहून? त्याइले गुडघे नसते का?"

तेव्हा गुडघा लिहावा लागला. ही बाई म्हणजे जहाजावरच्या एका मेलेल्या अधिकाऱ्याची बायको. नवरा गेल्यावर तिनं त्याचं पिस्तूल घरामागच्या तळ्यात टाकून दिलं होतं. तसं तिनं कळवलं, चाचांच्या यादीतलं एक पिस्तूल सापडलं, काम संपलं. पण पहिल्याच पत्राच्या शेवटी तिनं सहज लिहिलं होतं की गुडघा दुखतो म्हणून हस्ताक्षर वाईट आहे, कारण टेबलाशी बसवत नाही. चाचा पुढची सहा वर्षं त्या गुडघ्याशी पत्रव्यवहार करत होते. एका वर्षी त्यांनी लिहायला सांगितलं, "यंदा कपाशी बोंडअळीनं खाल्ली. लोक दिवाळीले नवे कपडे शिवून नाही राह्यले. माह्याकडं मशिनी येनं कमी झालं. बाकी ठीक. गुडघ्याले एरंडेल लावा." महिन्याभरानं तिकडून शिलाई मशीनच्या सुयांचं पाकीट आलं. आमच्या कुठल्याच मशीनला त्या बसत नव्हत्या. चाचांनी ते पाकीट काचेच्या कपाटात ठेवलं.

विलायतेहून येणाऱ्या पत्रांत 'पिस्तूल' हा शब्द वारंवार येतो, आणि ज्याला येतात त्याचं नाव युसुफ, हे कुणाच्या तरी ध्यानात आलंच. एक दिवस साध्या कपड्यातला पोलीस चौकशीला आला. चाचांनी त्याला बसवलं नाही. उठवून गल्लीत नेलं आणि जहाजाच्या नाकापासून शेपटापर्यंत फिरवलं. बॉयलर दाखवला, तोफ दाखवली, तोफेखाली भाजी निवडणारी माझी आई दाखवली. दोन तासांनी तो घामेघूम होऊन म्हणाला, "चाचा, मी लिहितो की काही आक्षेपार्ह नाही. मले जाऊ द्या." पुढच्या रविवारी त्याची बायको मशीन घेऊन आली. तिलाही चिंधी मिळाली.

आणि निवडणूक! निवडणूक लागली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. रानडुकरं हाकायच्या ठासणीच्या बंदुकांपासून एखाद्या बड्या घरच्या पिस्तुलापर्यंत सगळं रांगेनं येतं, चिठ्ठी बांधून ठेवलं जातं. चाचा तेलाची कुपी आणि फडकी घेऊन ठाण्यात हजर. हत्यारं फुकट पुसून द्यायची, बदल्यात नंबर वाचू द्यायचे, असा त्यांचा ठाण्याशी अलिखित करार होता. फौजदार त्यांना पाहून म्हणायचे, "आले का चाचा? चला, आता लागली म्हना आचारसंहिता." रांगेतल्या शेतकऱ्यांना चाचा झापायचे. "हे काय लावलं? नळीत घरटं हाय! डुक्कर मराच्या आधी तूच मरशीन ना, लेकाच्या." आणि पिस्तूल दिसलं की आवाज उतरायचा. दोन्ही हातांनी उचलायचे, चष्मा वर करायचे. गोरे गेले तेव्हा पेट्या हलक्या करून गेले, जड सामान इथंच सोडून गेले, असा त्यांचा सिद्धान्त होता. नंबराच्या शेजारी सरकारी बाणाची खूण असली तरच ते पिस्तूल फौजेचं. त्यांना ती कधी दिसली नाही.

अशा माणसाच्या शेजारचा मुलगा अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत, नेमका शस्त्र परवान्यांच्या शाखेत लिपिक म्हणून लागला. तो मी. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. आईनं त्या रुसणाऱ्या मशीनवर मला शिकवलं होतं. ऑर्डर आली त्या दिवशी ती बुद्धविहारात जाऊन बसली, आणि चाचा पेढे घेऊन आले. "मिलिन," ते म्हणाले (शेवटचा 'द' ते गाळतात), "पुरा जिल्हा तुह्या टेबलावर आला. आता नंबर बोल!"

मी अमरावतीला खोली घेतली. शनिवारी घरी यायचो. चाचा कोपऱ्यावर उभे असायचे. "नंबर बोल." मी मान हलवायचो. "बरं, पुढच्या शनवारी," म्हणून ते माझी पिशवी घरापर्यंत धरायचे.

एकदा चाचा स्वतःच अमरावतीला आले. तीन दिवस शिपायाच्या बाकावर डबा घेऊन बसले आणि जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना नोंदवहीतले पिस्तुलांचे नंबर वाचून दाखवले. नियमात बसत नव्हतं. माझ्या नियमबाह्य कामांपैकी एवढ्या एकाचीच मला लाज वाटत नाही. तिसऱ्या दिवशी चाचांनी मला मध्येच थांबवलं.

"हे वापस वाच."

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावचे देशमुख. पिस्तूल एक. परवाना नंबर अमुक. हत्याराचा नंबरही तोच.

"परवान्याचा अन् हत्याराचा नंबर एकच? काय जुडवा भाऊ हायत का? कोन्या लेखनिकानं एकच आकडा दोन्ही घरात उतरवला, मिलिन. ह्या हत्याराचा नंबर कोनं पायलाच नाही आजवर. तू पाय. माह्यासाठी."

बरोबर होतं त्यांचं. आमच्याकडे नोंदवही फाटली की जुनीवरून नवी उतरवायची पद्धत होती. हत्यार पाहून कुणी उतरवत नसे. शेवटच्या रकान्यात दरवर्षी 'हत्यार समक्ष तपासले' असा शिक्का, खाली सही. त्या नोंदीखाली आधीच्या तिघांच्या सह्या होत्या आणि सलग पाच वर्षं माझी.

मी म्हणालो, "पाहतो."

पाहिलं नाही. त्या वर्षांत आमच्या शाखेतली निम्मी माणसं दुसऱ्याच फायलींवर लावलेली होती. गावोगावचे शेतकऱ्यांचे मृत्यू, त्यांचे पंचनामे, मदतीला पात्र, अपात्र. संध्याकाळी घरी जाताना कुणी कुणाशी बोलत नसे. ही सबब मी स्वतःला पुष्कळदा दिली आहे. पण त्याच कामासाठी दर आठवड्याला एक जीप चांदूर बाजारला जात होती आणि तिच्यात माझ्यापुरती जागा होती. मला पाहायचं नव्हतं. नंबर वेगळा निघाला असता तर माझ्या पाच सह्या खोट्या ठरल्या असत्या, हे मला कळत होतं.

तिसऱ्या शनिवारी कोपऱ्यावर चाचांनी विचारलं, "पायलं का?"

"पाहिलं चाचा. दुसरंच आहे."

तोंडातून निघून गेलं. चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं झालं. हुडकाच्यातलं एक कमी झालं. लय तरास घेतला तू." संध्याकाळी शमीमचाचींनी आमच्याकडे शेवयांची खीर पाठवली. मी ती खाल्ली.

पुढं दीड वर्षानं तो मंगळवार आला.

साठीच्या एक बाई आल्या. डोक्यावर पदर, काखेत उशीचा अभ्रा, त्यात काहीतरी जड. कुणाशी न बोलता थेट माझ्या टेबलाशी आल्या आणि अभ्रा ठेवला.

"हे जमा करून घ्या, साहेब. परवाना बी घ्या. मले नाही पायजे घरात."

पदराआड धरलेला परवाना त्यांनी पुढं केला. चांदूर बाजारकडचे देशमुख. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"पोरगा अंगनात बसून राह्यते," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, पीक नाही. त्याचं मले काही नाही, साहेब. पर थो बोलतच नाही. जेवाले बोलावलं त येते, जेवते, जाऊन बसते. कपाटाच्या चाब्या कुठं हायत, असं परवा इचारलं त्यानं. म्या म्हटलं, कायले पायजे? त म्हने, काही नाही." पदर सावरून म्हणाल्या, "त्याले माईत नाही म्या आनलं म्हनून."

मी पावती केली. त्यांनी ती वाचलीही नाही, कमरेला खोचली आणि रिकाम्या हातांनी, आल्या त्यापेक्षा भराभर निघून गेल्या. त्या मुलाचं पुढं बरं झालं. दोन वर्षांनी मी त्याला बाजार समितीत कुणाशी तरी तावातावानं भांडताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

अभ्रा उघडला. पिस्तूल चपटं, काळं पडलेलं. नंबराच्या शेजारी बाण. चार-शून्य-पाच-सात. मला फडकं बघून पडताळायची गरज नव्हती. अभ्र्याच्या तळाशी एक घडी पडलेला कागद होता. इंग्रजी, जुन्या वळणाचं हस्ताक्षर, खाली सही. चाचांच्या वहीत चार-शून्य-पाच-सात समोर जे नाव आहे, त्याच अधिकाऱ्याची. तो रजेवर मेळघाटात शिकारीला आला होता, या बाईंच्या सासऱ्यांकडे उतरला होता. पाहुणचाराची आठवण म्हणून त्यानं आपलं पिस्तूल त्यांना भेट दिलं होतं. कागदात शेवटी लिहिलं होतं की जहाजावर मी ते एका चामडेवाल्याकडून हरवल्याचं सांगितलं आहे, तेव्हा कुणी विचारायला येणार नाही, निश्चिंत असावे.

एक चामडेवाला. करीमभाईंचं नावही नव्हतं.

मी पिस्तूल खणात ठेवलं. अर्धा तास तसाच बसलो. खरा नंबर लिहायचा तर साहेबांपुढं जावं लागणार. ते विचारणार, नोंदवहीत वेगळा कसा? समक्ष कुणी तपासलं? आणि घरी चाचांना सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार, की दीड वर्षापूर्वी मी न पाहताच पाहिलं म्हणालो. मी खण उघडला, चिठ्ठीवर नोंदवहीतला नंबर लिहिला, ती पिस्तुलाला बांधली आणि कोठारात पाठवलं. जमा झालेली बेवारस हत्यारं पुढं भट्टीत वितळवतात. तेही त्यांच्याबरोबर गेलं. कागद मी डब्याच्या पिशवीत घातला.

शनिवारी चाचा कोपऱ्यावर होते. "नंबर बोल."

"काही नाही, चाचा."

त्यांनी माझी पिशवी घ्यायला हात पुढं केला. त्या दिवशी मी ती दिली नाही.

त्याच साली ईदच्या दुपारी आई म्हणाली, चाचांना भेटून ये. पेठेतली सगळी माणसं नमाज पढून, कबरस्तानात आपापल्या माणसांच्या कबरींवर जाऊन परतली होती. गल्लीत अत्तराचा वास होता. चाचा नव्या कुर्त्यात दुकानात एकटेच बसून कुणाच्या तरी मशीनला तेल घालत होते.

"ईद मुबारक, चाचा. आज तरी सुट्टी घ्या."

"बस." त्यांनी तेलाची कुपी ठेवली. "सगळे जाऊन आले कबरीवर. शमीमची माय, शमीमचा बाप, माही माय, सगळ्याइच्या फुलं टाकून आली शमीम. मी गेटापासून वापस येतो. दर सालची गोष्ट हाय."

मी समोर बसलो.

"लोक म्हनते युसुफ बापाचं नाव साफ करून राह्यला. नाव-गिव काही नाही रे, मिलिन. नाव कोनाले आठोते आता? मी चवदा सालचा होतो. शाळेत पोट्टे चिडवत, चोराचा पोट्टा, चोराचा पोट्टा. एक दिस घरी आलो. अब्बा जेवत होते. म्या म्हटलं, तुमी केली चोरी, अन् भोगून मी राह्यलो. चोर म्हटलं म्या त्याइले. तोंडावर." चाचांनी मशीनचं चाक उगाच अर्धा फेरा फिरवलं. "हातातली भाकर ठेवली त्याइनं. हात धुतला. तवापासून चामड्याले हात नाही लावला. छत्र्या दुरुस्त करत बसले मरेस्तोवर. जातानी वही देली माह्या हातात. म्हने, वेळ भेटला त पाय."

बाहेर कुणीतरी 'चाचा, ईद मुबारक' म्हणून गेलं. चाचांनी हात वर केला.

"मले माफी मांगाची हाय त्याइले. पर खाली हातानं कसा जाऊ? नुसतं चुकलं म्हटलं त थे म्हनतीन, तुले आता बी इश्वास नाही, लोकाच्या लाजेनं आला. कोनी नेलं थे सांगा लागन ना. नंबर भेटला की जाईन. तिथं बसून वाचून दाखवीन. तवापर्यंत गेटापासूनच सलाम." मग त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "तू काहून रडून राह्यला? खीर खा."

तेव्हा तो कागद माझ्या अमरावतीच्या खोलीतल्या ट्रंकेत होता. मी खीर खाल्ली आणि घरी आलो.

आता मी बावन्न वर्षांचा आहे. आई नाही. देशमुखांची ती नोंद, ती नोंदवही, ती शाखा, सगळं बदललं. माझ्या सह्या कुणी उकरून काढील असे दिवस राहिले नाहीत. तेव्हा नोकरीची भीती हे कारण संपून पुष्कळ काळ झाला. त्यानंतर मी गप्प राहिलो तो कशामुळे, ते साध्या शब्दांत सांगतो. चाचा माझ्या पाठीवर थाप मारतात, आणि ती थाप मला हवी असते.

चाचा पंचाहत्तरीच्या पुढं गेले आहेत. शमीमचाची त्यांना सुईत दोरा ओवून देतात. चिंधीवरचे नंबर आताशा तिरके येतात, पण येतात एकतीसच. गेल्या महिन्यात मी गेलो होतो. त्यांनी विचारलं. मी 'काही नाही' म्हणालो. ते म्हणाले, "बरं, पुढच्या शनवारी."

युसुफचाचांना मी जे देणं लागतो ते असं: तो कागद, आणि त्यांच्यासमोर बसून बोलायची तीन वाक्यं. पिस्तूल सापडलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमचे अब्बा चोर नव्हते. हे लिहून पूर्ण होईपर्यंत यातलं काहीही मी त्यांना दिलेलं नाही.